पावसात ल प्वी ते कोंक: फ्रान्समधली दोनशे किलोमीटरची पदयात्रा

दक्षिण-मध्य फ्रान्समधल्या ल प्वी-आँ-व्हले या गावातून पश्चिमेकडे निघालेली वाट सुमारे ७५० किलोमीटरवर स्पेनच्या सीमेजवळ पोचते आणि तिथून पुढे स्पेनमधल्या सान्तियागो द कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत जाते. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क इ.स. ९५०-५१ मध्ये सान्तियागोला जाऊन आला, तेव्हापासून हे गाव यात्रेचं एक मूळ ठाणं मानलं जातं. आज ही वाट जी.आर. ६५ या नावाची लांब पल्ल्याची पायवाट म्हणून आखलेली आहे. तिचा पहिला टप्पा, ल प्वी ते कोंक, साधारण २०५ किलोमीटरचा आहे. तो दहा-अकरा दिवसांत होतो, म्हणजे दोन आठवड्यांच्या रजेत बसतो. सगळ्यात जास्त चढउतार आणि सगळ्यात बेभरवशाचं हवामानही याच टप्प्यात आहे.

आपल्याकडच्या माणसाची पहिली चूक अशी, की तो पावसाचा अंदाज सह्याद्रीवरून बांधतो. आपला पाऊस कोमट असतो. भिजून पाच तास चाललं तरी फार तर शिंका येतात. आषाढी वारीत डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला की भागतं, कारण सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि मुक्कामी चूल पेटलेली असते. इथे सगळं सामान आपल्याच पाठीवर, आणि मे महिन्यातही १२०० मीटर उंचीवर पाऊस पडत असताना पारा पाच-आठ अंशांवर असू शकतो, वर वारा. म्हणून या वाटेवर भिजायला घाबरू नये, गारठायला घाबरावं. पुढची सगळी तयारी त्याच हिशोबाने.

कधी जावं

एप्रिलअखेर ते जूनमध्य, किंवा सप्टेंबर. एप्रिलमध्ये वाटेतल्या ओब्राकच्या उघड्या पठारावर बर्फ पडू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कमी, पण दुपारी वळिवासारखी गडगडाटी वादळं उठतात. शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडून येणारे ढग एकेका दिवसात प्रचंड पाऊस ओतून जातात आणि ओढे तासाभरात फुगतात. ऑक्टोबरअखेर बरेच मुक्काम बंद व्हायला लागतात आणि उजाडायलाच आठ वाजतात.

मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या, शिवाय येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारला लागून येणारी मोठी सुट्टी. या दिवसांत ल प्वी ते कोंक हाच टप्पा तुडुंब भरतो, कारण फ्रेंच लोकही हाच आठ-दहा दिवसांचा तुकडा निवडतात. त्या दिवसांत जायचं असेल तर जागा दीड-दोन महिने आधी धरून ठेवाव्यात.

पाठीवरचं सामान

पाणी आणि खाणं सोडून सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या एक दशांशाच्या आसपास ठेवावं. ६० किलोच्या माणसाला सहा, फार तर सात किलो. त्याला ३६ ते ४० लिटरची सॅक पुरते. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच.

सॅकवर चढवायच्या रेनकव्हरवर सगळे विसंबतात आणि फसतात. पाठ आणि सॅक यांच्यामधल्या फटीत कव्हर नसतं. मानेवरून ओघळलेलं पाणी तिथून पट्ट्यांच्या शिवणींत शिरतं आणि दोन तासांत सॅकच्या तळाशी साचतं. कव्हर जितकं घट्ट, तितकं ते पाणी आतच राहतं. उपाय स्वस्त आहे: आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी. बागकामाच्या कचऱ्यासाठी मिळते तशी, ६० ते ८० लिटरची. ती रिकाम्या सॅकमध्ये उघडून तळापर्यंत नीट बसवावी. आधी झोपायचं कापड, मग रात्रीचे कपडे, मग बाकीचं सामान. हवा दाबून काढावी, पिशवीच्या तोंडाला पीळ द्यावा, पीळ दुमडून रबरबँड लावावं. ओलं जॅकेट, ओले मोजे, पाण्याची बाटली या पिशवीच्या बाहेर. दुपारी एक ओला मोजा आत टाकला तरी संध्याकाळी सगळे कपडे दमट निघतात.

कपड्यांचे दोनच संच: एक चालायचा, एक कोरडा. चालायचा संच रोज भिजला तरी चालेल. कोरडा संच मुक्कामाचं दार ओलांडल्यावरच अंगावर चढवायचा. सकाळी ओला शर्ट पुन्हा अंगात घालणं जिवावर येतं आणि मग माणूस कोरडा संच घालून निघतो. संध्याकाळी त्याच्याकडे दोन ओले संच असतात. शहाणपणा एवढाच की ओलाच घालावा. दहा मिनिटं चाललं की अंगाच्या उबेने तो सोसतो.

सुती कपडा एकही नको, जीन्स तर नकोच. सूत पाणी धरतं आणि वाऱ्यात अंगातली ऊब खेचून घेतं. पातळ लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे दोन शर्ट, लवकर सुकणारी एक पँट, एक फ्लीस, लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड, पातळ हातमोजे, कानटोपी. मेमध्ये कानटोपी कशाला, असं ज्याला वाटतं त्याला ती पठारावरच्या नास्बिनाल गावात विकत घ्यावी लागते.

जॅकेट शिवणींवर आतून टेप लावलेलं असावं. आपल्याकडे विंडचीटर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा तासाभराच्या पावसात हार मानतं. पोंचो सॅकसकट अंगावर येतो आणि त्यात घामही कमी येतो, म्हणून झाडीतल्या सरळ पावसात तो उत्तम. पण उघड्या पठारावर वारा त्याला शिडासारखा फुगवतो, पायाखालची जमीन दिसत नाही आणि उतारावर तोल जातो. दोन्हीपैकी एकच न्यायचं तर जॅकेट आणि पावसाळी पँट.

बुटांवरून वाद कधी मिटत नाही. जलरोधक अस्तराच्या बुटात पाणी तळाकडून शिरत नाही, घोट्याकडून शिरतं. एकदा शिरलं की ते अस्तर बाहेरही जाऊ देत नाही आणि बूट सुकायला दोन दिवस घेतो. जाळीचा बूट पाच मिनिटांत भिजतो, पण चालता चालता निथळतो आणि रात्रीत बराचसा सुकतो. मेमध्य ते सप्टेंबर जाळीचा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जलरोधक आणि वर गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण), हा हिशोब बरा पडतो. कोणताही घेतला तरी नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा असावा आणि तळाच्या खाचा खोल असाव्यात. गुळगुळीत झालेले जुने ‘सवयीचे’ बूट या वाटेवर घातक ठरतात.

दिवस पाडताना अंतर नको, उतार बघा

पुढची अंतरं ढोबळ आहेत. गावांची नावं नकाशावरून रोमन लिपीत कागदावर उतरवून ठेवा, कारण पाट्यांवरचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ लागत नाही.

ल प्वीच्या कॅथेड्रलमध्ये सकाळी सात वाजता यात्रेकरूंसाठी मिस्सा आणि आशीर्वाद असतो. त्यानंतर कॅथेड्रलच्या फरशीतली जाळी उघडते आणि तिथूनच खाली उतरणाऱ्या पायऱ्यांनी यात्रा सुरू होते. शिक्क्यांची यात्रा-वही, म्हणजे क्रेदाँसियाल, इथेच मिळते. श्रद्धा कोणतीही असो, वही घ्यावी. काही मुक्कामी ती दाखवल्याशिवाय जागा मिळत नाही.

पहिला दिवस सँ-प्रिव्हा-दालिएपर्यंत २४ किलोमीटर. उत्साहात सगळे तो पूर्ण करतात आणि दुसऱ्या दिवशी मोनिस्त्रोलच्या उतारावर थकलेले गुडघे घेऊन येतात. पाऊस असेल तर १६ किलोमीटरवर मोंबोनेला थांबलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सँ-प्रिव्हाहून रोशग्यूदच्या छोट्या चॅपेलपर्यंत वाट सोपी आहे. तिथून ती सुमारे ९६० मीटरवरून आलिए नदीकाठच्या मोनिस्त्रोलला, ६२० मीटरवर, एकदम कोसळते. झाडांची मुळं, शेवाळलेले खडक, वर ओला पाला. या उतारावर पाऊल लहान, गुडघे किंचित वाकलेले, चालायच्या काठ्या (लांबी बदलता येणाऱ्या) चढावर ठेवतो त्यापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर लांब केलेल्या आणि शरीराच्या पुढे टेकवलेल्या. मुळावर पाय देऊ नये, ओलांडून पलीकडे द्यावा. ओल्या खडकापेक्षा ओलं मूळ अधिक निसरडं असतं, त्यातही वाटेला तिरकं आडवं गेलेलं सर्वात वाईट. पाय सरकतोय असं वाटलं की माणूस घाबरून मागे रेलतो, टाचेवर भार येतो आणि तो पाठीवर पडतो. भार पुढे, पूर्ण तळव्यावर ठेवावा. फारच ओतत असेल तर डी ५८९ या डांबरी रस्त्याने उतरता येतं. वळणं अरुंद आहेत, त्यामुळे डाव्या बाजूने, समोरची गाडी दिसेल असं चालावं आणि सॅकवर चमकता पट्टा लावावा. मोनिस्त्रोलनंतर तेवढाच चढ पुन्हा चढून सोग. दिवसाचं अंतर १९ किलोमीटरच, पण पावसात सात तास धरा.

सोग ते सोव्हाझ २० किलोमीटर. इथून मार्जेरिदचा ग्रॅनाइटी प्रदेश सुरू होतो. ओला ग्रॅनाइट पाय धरून ठेवतो, त्यामुळे चालायला हा दिवस सुखाचा, मात्र सोव्हाझला सुमारे १२९० मीटरवर एक जुनं दगडी शेतघर आणि भोवती जंगल एवढंच आहे. तिथे जागा नसेल तर पुढे बरंच चालावं लागतं, म्हणून ही जागा सर्वात आधी धरावी. तिथून सँताल्बाँ १३, आणि ओमों-ओब्राक आणखी १५. तगडे लोक हे एका दिवसात उरकतात. चिखलात दोन दिवस घ्यावेत.

ओमों ते नास्बिनाल हा २६-२७ किलोमीटरचा दिवस म्हणजे ओब्राकचं पठार. त्याबद्दल पुढे वेगळं. नास्बिनाल ते सँ-शेली-दोब्राक १७ किलोमीटर, आणि त्यातला शेवटचा भाग फसवा आहे: १३०० मीटरवरच्या ओब्राक गावातून सुमारे ८०० मीटरवर सँ-शेलीला उतरताना वाटेचाच ओढा होतो आणि गोल, सुटे दगड पाण्याखाली दिसत नाहीत. इथे घाई केलेल्यांचे घोटे मुरगळतात. सकाळी लवकर निघून हा उतार दुपारी दोनच्या आत संपवावा, कारण थकलेल्या पायाचं पाऊल नेमकं पडत नाही.

सँ-शेलीनंतर वाट लोत नदीच्या खोऱ्यात उतरते आणि हवा ऊबदार होते. एस्पालियों २२ किलोमीटर. त्याआधी सँ-कोम-दोल्तनंतर वाट व्हेर्म्यूसच्या टेकडीवर चढते. पावसात ती टेकडी सोडून नदीकाठच्या रस्त्याने जावं. वरून दिसणारा देखावा तसाही ढगात असतो. एस्तॅं तिथून १२, गोलिन्याक आणखी १४, आणि शेवटचा दिवस २१ किलोमीटरचा. कोंकमध्ये उतरणारी वाट पाटीच्या दगडासारख्या थरांच्या खडकातून जाते. हा खडक भिजला की तेल लावल्यासारखा होतो. अख्ख्या टप्प्यात काठ्यांची सर्वात जास्त गरज या शेवटच्या दोन किलोमीटरांत पडते आणि नेमकं तेव्हाच लोक ‘आता काय, आलंच’ म्हणून त्या सॅकला अडकवतात.

खुणा

वर पांढरा, खाली लाल, असे दोन आडवे पट्टे म्हणजे वाट बरोबर. खाली बाण असेल तर वळण. पांढऱ्या-लाल पट्ट्यांची फुली म्हणजे इकडे नको. पिवळा पट्टा स्थानिक फेरफटक्याचा, त्याच्या मागे लागू नये. शिंपला हे या यात्रेचं चिन्ह, पण त्यावरून दिशा ठरवू नये, ते कुठे कसंही बसवलेलं असतं. पंधरा मिनिटं एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत फिरावं. पावसात मान खाली असते आणि खुणा झाडावर, म्हणून वाट चुकण्याचं प्रमाण पावसातच वाढतं. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवावा. ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही, तेव्हा घडी घातलेला कागदी नकाशाही प्लॅस्टिकमध्ये असू द्यावा.

ओब्राकचं पठार

इथे झाड नाही, आडोसा नाही. दगडी बांध, तारेची कुंपणं, गवत आणि गाई. मध्ययुगात इथल्या धर्मशाळेतली घंटा धुक्यात आणि बर्फात वाट चुकलेल्यांसाठी वाजवत असत, यावरून काय ते समजावं.

आदल्या संध्याकाळी मेतेओ-फ्रान्सचा, म्हणजे फ्रेंच हवामान खात्याचा, रंगांतला इशारा बघावा. हिरवा किंवा पिवळा असेल तर निघावं, पिवळ्यात वादळाचं चिन्ह असेल तर पहाटे निघून दुपारच्या आत पठार ओलांडावं. नारिंगी असेल तर एक दिवस थांबावं. लाल असेल तर प्रश्नच नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर तारेच्या कुंपणापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हावं, काठ्या बाजूला टाकाव्यात, सखल जागी पाय जवळ घेऊन उकिडवं बसावं. समूहात असाल तर एकमेकांपासून अंतर ठेवावं.

कुरणांतून जाताना फाटक जसं होतं तसंच बंद करावं. फाटकाजवळ गाईंनी तुडवून केलेला चिखल घोट्याच्या वर जातो. कडेने, बांधालगत जावं, मात्र कुंपणाची पातळ तार विजेची असते आणि ओल्या हाताला ती चांगलीच झटका देते. मेअखेरीस गाई वासरांसह वर चरायला येतात. गाय आणि वासरू यांच्यामधून कधीही जाऊ नये, दोन मिनिटांचा वळसा घ्यावा.

गारठ्याची पहिली खूण बोटांत दिसते: जॅकेटची चेन लावता येत नाही. दुसरी जिभेत: शब्द अडखळतात. दुसरी येईपर्यंत थांबू नये. बांधाच्या आडोशाला अंगावरचा ओला शर्ट काढून फ्लीस चढवावं, वर जॅकेट, टोपी, आणि काहीतरी गोड खावं. पावसात बसून जेवण होत नाही म्हणून लोक उपाशी चालतात, आणि गारठ्याचं खरं कारण तेच असतं. खिशात चिक्की ठेवून दर तासाला एक तुकडा तोंडात टाकावा. तूप, पेढे असले दुधाचे पदार्थ युरोपियन संघात नेता येत नाहीत. गुळाची शेंगदाणा चिक्की, मेतकूट, दाण्याची चटणी चालते.

आणीबाणीचा नंबर ११२. दऱ्यांमध्ये रेंज जाते, पठारावर बहुधा असते.

पाय

पावसात फोड घासण्याने कमी आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीने जास्त येतात. सकाळी तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीनचा जाडसर थर. दुपारी आडोसा मिळाला की बूट-मोजे काढून पाय पंधरा मिनिटं उघडे ठेवावेत, मोजे पिळून तेच पुन्हा घालावेत. ओल्या बुटात कोरडा मोजा घालणं म्हणजे एक कोरडा मोजा वाया घालवणं. कुठे गरम लागायला लागलं की तिथेच थांबून टेप लावावी, ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नये. फोडावर लावायच्या जेल पट्ट्या ओल्या पायावरून सरकतात. पाय पुसून, स्पिरिटने तेल काढून, पट्टी तळहातात मिनिटभर गरम करून मग चिकटवावी आणि ती आपोआप सुटेपर्यंत ओढू नये.

मुक्कामी पोचलात की बुटातले इनसोल काढावेत, नाड्या पूर्ण सैल कराव्यात, वर्तमानपत्राचे बोळे पंजापर्यंत कोंबावेत. पहिले बोळे अर्ध्या तासात ओलेचिंब होतात, ते बदलावेत. जेवणानंतर पुन्हा, झोपताना पुन्हा. तीनदा बदललं तर जाळीचा बूट सकाळी घालण्याजोगा होतो, एकदाच भरून ठेवला तर कागदाचा लगदा हाती येतो. ‘दे व्यो झूर्नाल’ म्हणून मागितले की जुने पेपर मिळतात. बूट शेगडीला चिकटवून ठेवू नयेत, गोंद सुटतो.

मुक्काम आणि जेवण

यात्रेकरूंच्या वसतिगृहाला जीत म्हणतात. रात्रीचं जेवण, झोप आणि नाश्ता मिळून ‘दमी-पाँसिओं’ साधारण ४५ ते ५५ युरो, नुसती खाट त्याच्या निम्म्याहून कमी. फोनवर एवढं पुरतं: ‘बोंझूर, व्हूझाव्हे यून प्लास पूर मार्दी स्वार?’ म्हणजे मंगळवारी रात्री एक जागा आहे का. येणं रद्द झालं तर फोन करून कळवायलाच हवं, नाहीतर ती खाट पावसात आलेल्या दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पुष्कळ ठिकाणी कार्ड चालत नाही. रोकड ल प्वी, सोग, ओमों आणि एस्पालियोंला काढून ठेवावी.

बूट आणि बऱ्याचदा सॅकही दाराशीच ठेवायला सांगतात, कारण ढेकूण. सॅक खाटेवर कधीही ठेवू नये.

शाकाहाऱ्यांनी जागा धरतानाच सांगावं: ‘साँ व्ह्याँद, नी प्वासों’, मांस नको, मासेही नकोत. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लार्दों, सर्रास असतात आणि ते काहींच्या लेखी मांसात मोडतच नाहीत. त्यामुळे ‘साँ लार्दों’ वेगळं म्हणावं. ओब्राकचं अलिगो म्हणजे उकडलेला बटाटा, ताजं चीज, मलई आणि लसूण घोटून केलेला, चमच्यासोबत हातभर तार उचलणारा प्रकार. भिजून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही नाही. लसूण न खाणाऱ्यांनी आणि चीजमधल्या प्राणिज रेनेटची (दूध साकळवणाऱ्या द्रव्याची) अडचण असणाऱ्यांनी मात्र आधी विचारावं.

दुकानं दुपारी दोन-तीन तास, रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारीही बंद. दोन वेळचं खाणं नेहमी सोबत असावं. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च धरलाय का, ते वाचून घ्यावं. ल प्वीला लिओं किंवा सँतेतिएनहून रेल्वे आहे. मध्येच सोडायची वेळ आली तर मोनिस्त्रोल आणि ओमोंला स्टेशन आहे, गाड्या मोजक्याच. कोंकला रेल्वे नाही, रोदेझला जाऊन गाडी धरावी लागते, तेव्हा परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

घरी आल्यावर, ढेकूण आत येऊ नयेत म्हणून, सॅक बाल्कनीतच रिकामी करावी. कपडे ६० अंशांवर धुवावेत, लोकरीचे मोजे आणि जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून तीन दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावं. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटली आहे का ते चालताना रोजच बघायचं असतं, ते घरीही एकदा बघावं. चावल्या जागी महिनाभरात केव्हाही लाल कडं पसरताना दिसलं तर डॉक्टरांना ‘फ्रान्समध्ये गोचीड चावली असेल’ हे आपणहून सांगावं. लाइम रोग आपल्याकडे क्वचित दिसतो, तो आपोआप त्यांच्या डोक्यात येणार नाही.